तोफ वाजली की

आमच्या देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात. पाहुणा घाबरतो, आम्ही भाकरी उलटत राहतो. पण माझ्या सासूबाई, साळूबाई, त्या आवाजाची वाटच बघायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. फौजींच्या घरी जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, हे त्यांचं काम. पायांवर बाळ निजवलेलं असायचं, तोफ वाजायची आणि बाळ दोन्ही हात फेकून हवेलाच मिठी मारायचं. "दचकलं गं बाई, बरं हाय!" एखादं दचकलंच नाही, तर त्याच्या आईला बाजूला घेऊन डॉक्टरकडे धाडायच्या.

शहाण्णव साली मी लग्न होऊन आले, तेव्हा मलाही हे शिकवलं, तेही शिव्या देत. तान्ह्याच्या तळव्यात बोट ठेवलं की मूठ मिटते. ओढायचं नाय, मुठीची पाठ कुरवाळायची, आपोआप उघडते. तळपायावर नख ओढलं की अंगठा वर उठतो. पोर चालायला लागलं की हे सगळं जातं.

"कुठं जातं?" मी विचारलं.

"जातंय कुठं! आत निजून ऱ्हातं."

बाई लय तिखट. माझ्या हातच्या भाजीला कधी बरं म्हणून म्हटलं नाही. पुढे त्यांची आठवणच गेली. पोटच्या पोराला, आमच्या ह्यांना, "कोण रे तू?" म्हणायला लागल्या. मग बोलणंही थांबलं. मी रोज अंघोळ घालायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी एकदा तरी मला ओळखावं म्हणून जीव तुटायचा माझा.

एका सकाळी त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी रडतच ह्यांना हाक मारली. हे डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी हातोडीचा दांडा आत्याबाईंच्या तळव्यावरून ओढला. त्यांनी दांडाही धरला, तितकाच घट्ट. मग डॉक्टरांनी तळपायावर किल्ली ओढली. अंगठा सावकाश वर उठला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. निजलेलं उठलं होतं.

"मेंदू हे दाबून ठेवतो," डॉक्टर म्हणाले, "तो थकला की परत वर येतं. त्यांनी तुम्हाला ओळखलेलं नाही, ताई."

असा राग आला! पण त्यांचं खरंच होतं. मग मला त्या देहाची भीतीच वाटायला लागली. गालाला टॉवेल लागला की तोंड तिकडे वळायचं, ओठ चोखायला लागायचे. नजर मात्र कुठंच नसायची. तोफ वाजली की दोन्ही हात उडायचे. माझा हात धरला की मी मुठीची पाठ कुरवाळायचे, मूठ उघडायची. रोज हेच.

एक दिवस मूठ उघडेना. परत कुरवाळली, तरी उघडेना. वर बघितलं, तर आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्यात तोफ वाजली. त्यांचा मोकळा हात उडाला. माझा हात धरलेला दुसरा मात्र जागचा हलला नाही.

"आत्याबाई, मी लता," मी म्हटलं. बादलीतलं पाणी गार झालं, तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो. डॉक्टरांना मी हे सांगितलंच नाही. परत हातोडी घेऊन आले असते मेले.