बनुआत्याची डबी

आमच्या बनुआत्यानं कधी कुणाचा हुकूम ऐकला नाही. नवऱ्यामागं देवळाली प्रवरेत तिनं एकटीनं मेथी-पालक पिकवला, राहुरीच्या बाजारात बसून विकला आणि कानिफनाथला वाढवला. गेल्या माघात तिच्या हृदयात झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी ती न चुकता घ्यायची. गोळ्यांची डबी कायम तिच्या कमरेला.

श्रावण लागला आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. गावातले डॉक्टर म्हणाले, विसरून दोनदा गोळ्या घेतल्या असतील. झालं! कानिफनाथनं सगळ्या भावकीसमोर तिची डबी काढून घेतली. माझं तर डोकंच फिरलं.

"आई, तुला आता ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मला सगळं ध्यानात ऱ्हातं," आत्या कडाडली. "चल नगरला. माझं रगात तपास, मग बोल."

मीही सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवली, रक्तस्राव आवरला आणि जनुकांच्या तपासणीसाठी रक्त पुण्याला धाडलं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, आत्याच्या शरीरात ही गोळी जन्मतःच फार सावकाश जिरते, अंगात साठत राहते. चारचौघांचा डोस तिला जास्तच होता.

"मग आषाढापर्यंत कसं काई झालं न्हाई?" कानिफनाथनं विचारलं.

बाई आत्याकडे वळल्या. "आजी, श्रावणात जेवणात काय बदललं?"

"पालेभाजी सोडली. श्रावनात कोन खातं?"

तिथंच उलगडा झाला. रोजची मेथी गोळीचा जोर अडवून धरत होती. मेथी थांबली आणि गोळी मोकाट सुटली. बाईंनी डोस बराच कमी केला आणि बजावलं, श्रावण असो नसो, पालेभाजी रोज सारखीच खायची.

परतताना गाडीत कानिफनाथनं हळूच डबी पुढं केली. आत्यानं हात लावला नाही.

"ज्यांच्यापुढं घेतली, त्यांच्यापुढंच दे."

संध्याकाळी भावकी जमली. कानिफनाथ मान खाली घालून पुटपुटला, "आई इसरली न्हवती. मीच चुकलो."

"मोठ्यानं."

त्यानं पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आत्यानं डबी कमरेला खोचली, पाट ओढला आणि ताटात मेथी वाढून घेतली.

तिची थोरली जाऊ भागूबाई दचकली. "अगं बने, श्रावन सरला न्हाई अजून!"

"आसू दे," म्हणत आत्यानं भाकरी मोडली.