अमेरिकन गाडी विकणे आहे

जर्मनीत एश्बॉर्नला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा आपली जुनी, दणदणीत इंजिनाची अमेरिकन गाडी वर्षभर विकताहेत. गुडघ्यामुळे त्यांना क्लच दाबवत नाही. प्रत्येक ऑइल बदलल्याची पावती मात्र फायलीत लावलेली आहे. मी त्यांना गिऱ्हाइकांची यादी करून दिली. त्यांनी नावांपुढे शेरे लिहिले: ‘दार आपटतो’, ‘बूट न पुसता बसला’.

शनिवारी आलेल्या बाईंनी दार हलकेच लावलं, फाइल पूर्ण वाचली आणि सांगितलेली किंमत मान्य केली. आजोबांनी फाइल परत आपल्याकडे ओढून घेतली.

“आल्झो... म्हणजे, खरं सांगतो,” ते म्हणाले, “गिअरबॉक्स जायला आलाय.”

बाई गेल्यावर मी विचारलं, “गिअरबॉक्सला काय झालं?”

“काहीच नाही. पण त्या खरंच गाडी घेऊन गेल्या असत्या.”