उसन्या पायांचा पक्षी

“चपला हितं काढा,” हे त्यांचे पहिले वाक्य. येलदरी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी पाहायला येणारा प्रत्येक जण, साहेब असो की शाळेची सहल, काठावरच्या बाभळीखाली चपला काढूनच पुढे जाई. मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याने तर हात जोडून विचारले, “आत देव कोणता आहे?”

“देव न्हाई, मालक. पाव्हणे हायत. लय लांबून आलेत, आत्ता कुठं डोळा लागलाय. तुमच्या चपला करकर वाजायल्यात.”

व्यापारी अनवाणी गेला. परतला तेव्हा पायात काटा होता, तक्रार नव्हती.

मी त्या काठच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्तीनंतर गावाने मला पक्षी समितीचा सचिव केले. बघायला येणाऱ्यांना वाट दाखवणे, पाणी देणे, काठावर बसून पक्षी पाहायच्या निवाऱ्याची झाडलोट, ही कामे गावकरी वाटून घेत. हे सारे ज्यांच्यामुळे उभे राहिले ते, चपला काढायला लावणारे गृहस्थ मासेमार होते. थंडीत पक्षी उतरतात त्या बाजूच्या पाण्यात जाळे टाकायचे नाही असे गावसभेत ठरले, तेव्हा सर्वांत आधी त्यांनी स्वतःचे जाळे काढून आणले आणि माझ्यासमोर टाकले.

“घ्या, गुरुजी. आता दुसऱ्यासंगं भांडायला मोकळा झालो.”

मग ते घरोघर जाऊन भांडले. महिनाभरात त्या पाण्यात एकही जाळे उरले नाही.

पक्ष्यांची नावे त्यांनी स्वतःच ठेवलेली होती. काडीसारख्या लांब, गुलाबी पायांचा शेकाट्या त्यांच्या लेखी ‘उसन्या पायांचा’. “बगळ्याकडून पाय उसने आणलेत, आन् परत द्यायची दानत न्हाई.” पंख पसरून उन्हात बसणारा पाणकावळा म्हणजे ‘धोतर वाळवणारा’. लोक हसत, आणि हसता हसता तासभर बसून राहत. मी मात्र प्रत्येक वेळी दुरुस्ती करीत असे. चुकीचे ऐकून गप्प बसणे मला कधी जमले नाही. तुमच्यापैकी ज्यांनी हातात खडू धरला असेल त्यांना हा रोग ठाऊक असेल.

तीन वर्षांपूर्वी समितीने नियम केला. परीक्षा उत्तीर्ण होईल त्यालाच मार्गदर्शकाचा बिल्ला, आणि बिल्ला असेल त्यानेच लोकांना पक्षी दाखवायचे. नियमाचा मसुदा माझा. परीक्षकही मीच. परीक्षा तोंडी होती. चित्र पाहून निवाऱ्यातल्या फलकावरचे नाव सांगायचे.

त्यांना वाचता येत नव्हते. त्यांची सून दहावीपर्यंत शिकलेली. रोज संध्याकाळी चुलीपुढे ती पुस्तक उघडून बसे आणि सासऱ्याकडून नावे घोकून घेई. रस्त्यात भेटले की ते गाऱ्हाणे सांगत, “सासऱ्याला छडी मारता येईना, म्हणून भाकरी उशिरा वाढायलीय.” आणि मग आवाज उतरवून, “गुरुजी, पास करायलाव ना?”

“उत्तरे द्याल तर,” मी म्हणे.

परीक्षेच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी शेकाट्याचे चित्र वर धरले. ते पाहतच राहिले.

“ह्याला तर मी रोज बघतो, गुरुजी. हा... हा उसन्या...”

बाकावरचे लोक हसले.

“फलकावरचे नाव सांगा.”

ते आठवेना. पुढची चित्रेही तशीच गेली. मागे बसलेल्या सुनेचे ओठ प्रत्येक नाव निःशब्द उच्चारीत होते. माझ्या गठ्ठ्यात टिटवीचे चित्र होते. टिटवीला गावही टिटवीच म्हणते, फलकही. ते चित्र मी बाहेर काढले नाही.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “नियम म्हंजी नियम. आता हिला इचारा. मला शिकविता शिकविता हीच शिकली.”

सून एकही नाव न चुकता उत्तीर्ण झाली. बिल्ला तिला मिळाला. तो तिच्या पदराला त्यांनीच लावला, आणि वाकडा लागला.

पुढचे दोन हिवाळे ते तिच्या मागून पाण्याचा कॅन घेऊन चालले. कोणी काही विचारले तर म्हणत, “मला बिल्ला न्हाई. बाईंना इचारा.” घरात जिला नावाने हाक मारीत, तिला काठावर ते ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसे. पक्ष्याचे कोणतेही नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाही. लोक आता अर्ध्या तासात परत फिरत.

एकदा मी म्हणालो, “यंदा पुन्हा परीक्षा घेऊ.”

“घ्या की. पाखरं येऊ द्या.”

पाखरे दिवाळीनंतर आली. ते भाद्रपदातच तापाने गेले.

समितीने निवाऱ्यात त्यांचा फोटो लावला. माझे अक्षर बरे, म्हणून खालच्या लाकडी पट्टीवर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्यांचे नाव लिहिले. त्याखाली ‘मार्गदर्शक’ असे लिहिले. तसे लिहायला मला कोणी सांगितले नव्हते.

सून कॅन भरून आत आली. पट्टी वाचली. कॅन खाली ठेवला.

“गुरुजी, ते खालचं पुसा.”

“का?”

“मामा नापास झालते. शेवटपर्यंत म्हणायचे, मी नापास माणूस, खोटं सांगून लोकापुढं जायचं न्हाई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

“त्यांना नापास मी केले होते,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणते. तुमीच पुसा.”

रंग अजून ओला होता. मी खिशातला रुमाल काढला.