लांबेल म्हणणारी चिठ्ठी

उत्तराकाकूंनी देव पाण्यात ठेवून आठवडा उलटला, तरी सिद्धेशनं डोळे उघडले नव्हते. बर्फावरून गाडी घसरली आणि एकुलता एक मुलगा अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या हॉस्पिटलात मशिनच्या श्वासावर पडला. मशिन ठेवायचं की उद्या काढायचं, ते त्याच्या बायकोनं, नेत्रानं ठरवायचं होतं. काकू मूळच्या नागपूरच्या. कुठल्याही देवाला हात जोडतील आणि वेळ आली तर त्याच देवाला जाबही विचारतील. पण आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

नेत्रा त्यांना डोंगरातल्या जपानी देवळात घेऊन आली. दर नव्या वर्षाला ती आणि सिद्धेश इथे यायचे. दाराशी चूळ भरायला ठेवलेलं पाणी काकूंनी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं. देवासमोर टाळी दोनदाच वाजवायची, तर यांची आरतीची टाळी सुरू झाली ती थांबेचना. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खं देऊळ होतं.

मग नशिबाची चिठ्ठी काढली. वाचताना नेत्राचा चेहरा उतरला.

“आई, बॅड लक आलंय. इट्स ओके. वाईट चिठ्ठी घरी न्यायची नसते. त्या दोरीला टाय करून इथेच सोडायची.”

पण काकूंनी तोवर चिठ्ठी तिच्या हातातून घेऊन कपाळाला लावली होती. देवानं दिलेला प्रसाद कडू निघाला म्हणून कोणी टाकतं का?

“आजाऱ्याचं काय लिहिलंय?”

“इलनेस... इट विल बी लाँग. लांबेल.”

“जाईल असं नाही ना लिहिलेलं?”

“नो. लांबेल, एवढंच.”

काकूंनी चिठ्ठी मुठीत मिटली. आठवडाभर जो तो संपलं म्हणत होता. लांबेल म्हणणारं हे पहिलंच कुणी भेटलं होतं.

पुजारी जवळ येऊन दोरीकडे बोट दाखवू लागला, तशी काकूंनी मूठ शालीखाली लपवली.

“त्यांना सांग, ही मी देणार नाही. आणि डॉक्टरलाही सांग, लांबू दे. मी बसते त्याच्यापाशी.”

नेत्राला रडू फुटलं. “आई, मी सकाळीच डॉक्टरांना हो म्हणून आलेय. उद्याची वाट नका बघू म्हटलं. आज संध्याकाळीच काढणार आहेत.”

रागवायला वेळच नव्हता.

“मग आता नाही म्हण. फोन लाव.”

डोंगरात रेंज नव्हती. देवळातून निघताना देवाला कधी पाठ न दाखवणाऱ्या काकू, सुनेचा हात धरून गाडीकडे धावत सुटल्या.