उस्तादांचा पाना

"पहिले उस्ताद म्हन, मंग बोनेट उघाड."

गॅरेजात गाडी आली की उस्तादांचं हे पहिलं वाक्य. कुणी सवयीने 'दादा' म्हटलं तर ते स्टुलावर दात कोरत बसून राहायचे आणि गिऱ्हाईक उन्हात तापायचं. शेजारीच माझं स्पेअर पार्टचं दुकान, त्यामुळे हा तमाशा मी रोज फुकटात पाहिला.

मानाला हपापलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दुसऱ्याला चिमूटभर मान द्यायची वेळ आली की आमच्या उस्तादांच्या पोटातच दुखायचं.

आमच्या नंदुरबारच्या गॅरेजवाल्यांत एक रीत आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की उस्ताद आपला पाना ज्याच्या हातात देतो, तो त्या दिवसापासून मिस्तरी. तोवर केस पिकले तरी हेल्परच. कोरीट गावचा सुपडू उस्तादांकडे असाच पिकत चालला होता. इंजिन तो उतरवायचा, तोच बसवायचा. उस्ताद शेवटी चावी फिरवून मिशीवर हात फिरवायचे.

एका वर्षी सुपडूच्या मुलीचं जमत आलं. चिंचपाड्याच्या पाहुण्यांना मुलीचा बाप मिस्तरी हवा होता. उस्तादांनी शब्द दिला, "यंदा पाना तुलेच." सुपडूने पाहुण्यांना दसऱ्याला गॅरेजातच बोलावलं. नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून तो उभा राहिला. उस्तादांनी पाना पुढे केला. सुपडूने दोन्ही हात पसरले, आणि उस्तादांनी पाना मागे घेतला.

"हात अजून कच्चा शे तुन्हा. गाड्या धोवाले बरा शे."

सगळं गॅरेज हसलं. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले आणि सोयरीक मोडली. सुपडूने सगळ्यांच्या कपबशा विसळल्या, पाहुण्यांच्यासुद्धा, आणि गेला तो परत आला नाही.

त्याने कोरीट रस्त्याला टपरी टाकली. पाटीवर लिहिलं, 'सुपडू हेल्पर'. कुणी मिस्तरी म्हटलं तर गाडीला हात लावायचा नाही. तरी गाड्या तिकडेच वळल्या.

मग उस्तादांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. कुणालाच पाना न देता उस्ताद मेला तर त्याच्यासाठी गावातल्या गॅरेजांची शटरं खाली येत नाहीत, ही आमच्यातली दुसरी रीत. तिचीच त्यांना धास्ती. त्यांनी मला पाठवून सुपडूला बोलावून घेतलं. तो खाटेशी येऊन उभा राहिला. उस्तादांनी डाव्या हाताने पाना पुढे केला.

"ले ना, मिस्तरी."

सुपडूने हात पाठीमागे घेतले. "मन्हा हात अजून कच्चा शे, उस्ताद."

पाना फरशीवर पडला. उस्ताद रडायला लागले, तोंडाच्या एकाच बाजूने. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पाना मीही उचलला नाही.

ते गेले त्या दिवशी सगळी शटरं उघडी होती. तिरडी कोरीट रस्त्यानेच न्यावी लागली. सुपडू कुणाची तरी जीप धूत होता. माणसं पुढे जाईस्तोवर त्याने पाण्याची नळी बंद केली. मग पुन्हा सोडली.