रबरावर मारलेले टाचे

वर सुजाताताईंनी तत्कार धरला आणि खाली लेलेकाकांच्या हॉलमध्ये माझ्या पायाखालची जमीन सरकली. पायांचा एकेक ठेका स्पष्ट ऐकू येत होता. काका संकोचून म्हणाले, "मॅडम, मला तरी काही फरक जाणवत नाही हो."

ठाकुर्लीतल्या त्या सोसायटीने सुजाता कांबळेंना बजावलं होतं, आवाज थांबवा, नाहीतर घरातला कथकचा क्लास बंद करा. बारा वर्षांचा क्लास. काकांची बायपास झालेली, तेव्हा त्यांचीही चूक नव्हती. इंजिनीअर म्हणून मीच छातीठोकपणे सांगितलं होतं की ताईंच्या हॉलमधल्या टाइल्सखाली पाच एमएमची रबर शीट घालू, काम होईल.

ठेक्याचा हादरा टाइलमधून स्लॅबमध्ये उतरतो. मध्ये रबर असलं की तो बराचसा तिथेच मुरतो. अट एकच, टाइल आणि स्लॅब एकमेकांना कुठेही चिकटता कामा नयेत.

मी धावत वर गेले. गणपत मिस्त्रींना कोपऱ्यातली एक टाइल काढायला लावली आणि वाकून पाहिलं. शीटची चाळण झाली होती. टाइल चिकटवायचं केमिकल भोकांतून स्लॅबपर्यंत उतरून घट्ट झालं होतं. शीट घातली त्या दिवशी मी नेमकी घोडबंदरच्या साइटवर अडकले होते.

"मिस्त्री, ही भोकं कोणी पाडली?"

"मीच. टाचे मारले ना. शीट गुळगुळीत, माल पकडला नसता."

टाचे म्हणजे प्लास्टरला पकड यावी म्हणून काँक्रीटवर छिन्नीने मारलेल्या खाचा. पण रबरावर? मी नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"कळव्याला टाचे नव्हते मारले, तर तुम्ही अख्ख्या भिंतीचं प्लास्टर तोडायला लावलेलं. म्हणालेल्या, गुळगुळीत दिसलं की टाचे, विचारत बसायचं नाही."

शब्द माझेच होते.

सुजाताताईंनी एवढंच विचारलं, क्लास वाचेल ना? या वेळी मला छातीठोकपणे काही सांगवेना. मिस्त्रींना शीट कशासाठी आहे ते समजावलं, हॉल पुन्हा उखडला, नवी शीट घातली.

दहाव्या दिवशी मी वरच उभी होते. काकांचा फोन आला. "मॅडम, सुरू कधी करताय?"

सुजाताताई दहा मिनिटांपासून नाचतच होत्या.

काय करायचं ते आपण मिस्त्रीला सांगतो. का करायचं, ते सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती वाचवून मी एका हॉलची फरशी दोनदा घातली.