रिकाम्या कोपऱ्यातले कंद

हाजरा जिते गावी बहिणीकडे काय गेली, इकडे रोह्यात तिच्या अंगणाचा सत्यानाश झाला. परत येऊन फाटक उघडलं तर उजव्या कोपऱ्यात, आंब्याच्या सावलीत, लाल-करड्या पेव्हर ब्लॉकचा गुळगुळीत चौकोन. त्यावर खुर्ची टाकून तिचा नवरा नझीर चहा पीत बसला होता. बायकोला सोन्याचा हार आणल्यासारखा चेहरा करून.

"बघ गो, गाडी आता सावलीत लागंल. जागा रिकामीच पडलेली."

म्हणे रिकामी! तिथे भुईचाफा होता, कळलावी होती, लाल चेंडूसारखी फुलणारी लिली होती. हे कंद दिवाळीनंतर पानं टाकतात आणि उन्हाळ्यापर्यंत जमिनीखाली गुमान झोपून राहतात. वरून बघणाऱ्याला नुसती माती दिसते. नझीर कुवेतहून रजेवर यायचा तो कायम जानेवारीत, लग्नसराईला, म्हणून त्याने हा कोपरा बोडकाच पाहिलेला. कबूल. पण विचारायला काय झालं होतं? फोन होता, तोंड होतं. तिकडे साहेबाला विचारल्याशिवाय हा माणूस खुर्ची हलवत नाही, आणि बायकोच्या बागेवर खडी ओतताना मात्र त्याला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

हाजराला कंदांचं वेडच होतं. कुठे वेगळा कंद दिसला की ती साल सोलून बघायची, नख लावून वास घ्यायची, पण फूल आल्याशिवाय त्याला नाव द्यायची नाही. पेणच्या बाजारात एकीने आंबेहळद म्हणून गळ्यात मारलेला कंद तिने मुकाट्याने लावला. ऐन उन्हात, एकही पान नसताना, जमिनीतून जांभळट-पांढरी फुलं वर आली, तेव्हा कुठे तो भुईचाफा ठरला. त्या कोपऱ्यात एक बिननावाचाही होता. जित्याला रुळांच्या बाजूचा चर खणताना वर आलेला, तपकिरी सालीचा. दर पावसाळ्यात नुसती पानं दाखवून तो दडी मारायचा. यंदा मात्र तो फुलणार असं तिचं मन सांगत होतं, आणि त्याच्याच आशेवर ती हिवाळा काढत होती.

"माती कुठं टाकलीत?" तिने विचारलं.

ब्लॉक बसवणारा मोतीराम फाटकाशी हत्यारं धूत होता. तो चाचरत म्हणाला, "नाल्याच्या कडेला, भाभी. कांदे निघाले व्हते त्यात. मी शेठना दाखवले. ते बोलले, टाक."

म्हणजे हातात घेऊन बघितले होते. हाजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला काय म्हायीत, कसले कांदे ते," नझीर पुटपुटला.

"म्हायीत नाय? दर साली फुलांचे फोटो कुणाला पाठवते मी?"

तिने त्याचा फोन ओढून घेतला. फोटो सगळे तिथेच होते, धुरकट, वर डाउनलोडचा बाण तसाच. एकालाही त्याने बोट लावलेलं नव्हतं. आणि प्रत्येकाखाली मात्र न चुकता 'माशाल्लाह'.

आरडाओरडा ऐकून शेजारची रिझवाना कुंपणाशी आली. "तुला किती येळा बोलली, दारात कळलावी लावू नको. घरात भांडान लागतं."

"कळलावी झोपलेली हाय, रिझवाना. भांडान गाडीनं आणलंय. वर्साचा एक म्हयना फिरते ती. तिला सावली पायजे आणि बारा म्हयने इथं राहते तिला हातभर माती नको?"

घमेलं घेऊन ती नाल्यावर गेली आणि अंधार पडेपर्यंत माती उपसत बसली. भुईचाफा मिळाला, कळलावीचे तुकडे मिळाले. बिननावाचा कंद सगळ्यात शेवटी सापडला, फावड्याने एक कड कापलेला. कड सडू नये म्हणून तिने त्याला राख लावली. दुसऱ्या दिवशी स्वतःच पहार घेऊन ब्लॉक उचकटायला बसली. "मोहल्ला काय बोलंल," एवढंच नझीर म्हणत राहिला. पहारीला काही त्याने हात लावला नाही. तिने एकटीनेच माती भरून कंद परत लावले. रजा संपली तसा तो गेला.

मे महिन्यात त्या कापलेल्या कंदातून एक दांडा वर आला आणि संध्याकाळी त्यावर पांढरी, लांब पाकळ्यांची फुलं उघडली. वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. हाजराने ती उलटसुलट निरखली आणि इतक्या वर्षांनी कंदाला नाव दिलं.

रिझवानाकडून नझीरला कळलंच. त्याचा फोन आला. "फोटो पाठव गो. आणि नाव काय त्याचं?"

"फोटो नाय. नाव पण नाय. इथं येऊन बघा. पुढल्या साली रजा या दिवसांत मागा."

"या दिवसांत कंपनी रजा देत नाय, हाजरा."

"मागितलीत कधी?"

मागितली नव्हती त्याने, कधीच.